तुरुंगाच्या भिंती आणि पार्लमेंटचा डोळा
(शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



आजच्या व्याख्यानाला आम्हीं तुरुंगाचा विषय घेतला, हें ऐकून पुष्कळांना नवल वाटलें असेल. पाऊस, पीक, कर्ज, मुलांच्या शाळा हे विषय सोडून हा अभद्र विषय कशाला, असेंही कोणी मनांत म्हणेल. आमचें उत्तर सरळ आहे. तुरुंगांत कोण जातो, तें पाहा. ज्याच्यापाशीं वकिलाला द्यायला पैसा नाहीं, ज्याला जामीन राहायला कोणी मातबर मिळत नाहीं, ज्याला कोर्टाचा कागद वाचतां येत नाहीं, तो जातो. म्हणजे बहुतकरून तो आमच्यातुमच्या घरचाच असतो.

२०२२ सालच्या अखेरीस हिंदुस्थानांतल्या १,३३० तुरुंगांत ५,७३,२२० माणसें कोंडलेलीं होतीं. जागा होती ४,३६,२६६ माणसांची. म्हणजे शंभरांच्या जागेंत एकशें एकतीस. ह्यांपैकीं ४,३४,३०२ जणांचा गुन्हा अजून शाबीत व्हावयाचा होता. दर चार कैद्यांत तिघे असे कीं, त्यांनीं गुन्हा केला असें कोणत्याही न्यायाधीशानें म्हटलेलें नाहीं. हे आकडे कोणा टीकाकाराचे नव्हेत; सरकारच्याच गुन्हे-नोंद खात्यानें ते छापले आहेत.

आतां प्रश्न असा कीं, त्या भिंतीआड काय चालतें हें कोणीं पाहावें? जेलरनें स्वतःच आपला कारभार पाहावा आणि स्वतःच बरा आहे म्हणावें, तर कुंपणानेंच शेत खाल्लें तरी ओरडणार कोण? दिवाणानें पाहावें, तर त्याच्या पुढें जो कागद येतो तो जेलरनेंच लिहिलेला. म्हणून लोकांनीं निवडून दिलेल्या सभासदांची कमिटी नेमून तिनें तुरुंगाची चौकशी करावी, ही पद्धत इंग्लंडांत जुन्या काळापासून पडली. ती कशी पडली, तिनें काय साधलें, आणि तिचे हात कोठें अपुरे पडतात, हें समजून घेतल्याशिवाय आपल्या प्रतिनिधीला आपण काय विचारावें हें आपल्याला कळणार नाहीं.

लंडन शहरांत फ्लीट नांवाचा एक जुना तुरुंग होता. त्यांत मुख्यतः कर्जदार कोंडीत. तेथला मुख्य अधिकारी पगारी नोकर नव्हता. ती जागा विकत मिळे. १७२८ सालीं टॉमस बॅम्ब्रिज व त्याचा एक भागीदार ह्यांनीं ती ५,००० पौंडांना जॉन हगिन्स याजकडून घेतली. वतन म्हणजे काय हें तुम्हांला सांगावयास नको. वतनदार जसा हक्काच्या नांवाखालीं रयतेकडून उगवून घेतो, तसा हा जेलर आपले पांच हजार पौंड कैद्यांकडून उगवून घेऊं लागला. त्या काळच्या इंग्रजी तुरुंगांतून आंत येण्याची फी होती, बिछान्याची फी होती, बेड्या हलक्या करण्याची फी होती, आणि बाहेर जाण्याचीही फी होती. जो कर्जापायीं आंत आला, त्याच्याकडूनच हा पैसा मागावयाचा! नागव्याच्या अंगावरचें धोतर ओढावें, त्यांतलाच हा प्रकार.

रॉबर्ट कॅसल नांवाचा एक गृहस्थ होता. इमारती बांधण्याच्या विद्येंत तो जाणता होता व त्या विषयावर त्यानें ग्रंथही लिहिला होता. तो कर्जबाजारी झाला आणि फ्लीटमध्यें आला. फी भरण्याची त्याची ऐपत संपली, तेव्हां जेथें देवीची सांथ चालू होती अशा घरांत बॅम्ब्रिजनें त्याला नेऊन ठेवलें. आपल्याला अजून देवी आलेल्या नाहींत, तेथें पाठवूं नका, अशी त्यानें विनवणी केली. ती कोणीं ऐकली नाहीं. त्याला देवी आल्या आणि १७२८ सालीं तो मेला.

ह्या कॅसलचा एक मित्र कॉमन्स सभेचा सभासद होता. त्याचें नांव जेम्स ओगलथॉर्प. मित्राच्या मरणाचें दुःख घरीं गिळून तो बसला नाहीं. त्यानें सभेंत प्रश्न काढला. १७२९ सालच्या फेब्रुवारींत सभेनें तुरुंगांची चौकशी करण्यास कमिटी नेमली व ओगलथॉर्प तिचा अध्यक्ष झाला. ही कमिटी कचेरींत बसून राहिली नाहीं. ती स्वतः तुरुंगांत गेली. सर विल्यम रिच नांवाचा कैदी तिला बेड्यांनीं जखडलेला आढळला. कमिटीनें त्या काढावयास लावल्या. कमिटीची पाठ फिरली, आणि बेड्या पुन्हां चढल्या! त्यावरून कमिटीला एका दिवसांत जें कळलें तें शंभर कागद वाचून कळलें नसतें.

मार्शलसी नांवाच्या दुसऱ्या तुरुंगाची हकीकत याहून भयंकर निघाली. तेथला कारभार ठेक्यानें दिलेला होता. गरीब कैद्यांच्या बाजूस तीनशेंवर माणसें कोंबलेलीं होतीं, त्यांना पोटाला मिळत नव्हतें, आणि उन्हाळा लागूं लागला म्हणजे चोवीस तासांत आठ-दहा माणसें मरत, असें कमिटीनें आपल्या रिपोर्टांत लिहिलें. होगार्थ नांवाच्या नामांकित चित्रकारानें कमिटी बॅम्ब्रिजची उलटतपासणी घेत आहे असें चित्र काढलें. भिंतीआडची गोष्ट ह्या रीतीनें शहरांत सर्वांच्या तोंडीं झाली.

पुढें काय झालें? बॅम्ब्रिजवर खुनाचा खटला झाला आणि तो निर्दोष सुटला. मार्शलसीचा ठेकेदारही सुटला. पार्लमेंटनें कायदा करून बॅम्ब्रिजला त्या जागेवरून मात्र काढलें. परंतु फीची पद्धत जशीच्या तशी राहिली. एक जेलर गेला, दुसरा आला. ह्यांतला धडा आपण पक्का ध्यानांत ठेवावा. एकदां जागी झालेली कमिटी एक दुष्ट माणूस हलवूं शकते. पण ज्या व्यवस्थेंतून दुष्ट माणसें निपजतात ती व्यवस्था हलवावयास नित्य जागें राहावें लागतें.

पंचेचाळीस वर्षें गेलीं. १७७३ सालीं जॉन हॉवर्ड नांवाचा गृहस्थ बेडफर्ड परगण्याचा शेरीफ झाला. शेरीफचें पद मानाचें. काम दुसऱ्यावर सोंपवून घरीं बसावें अशी रीत होती. हा मनुष्य स्वतः तुरुंगांत जाऊन बसूं लागला. त्याला आढळलें कीं, ज्यांना कोर्टानें निर्दोष ठरवलें अशीं माणसें अजून आंतच आहेत. कां? तर सुटकेची फी भरावयास त्यांच्यापाशीं पैसा नाहीं! हॉवर्डनें न्यायाधीशमंडळाला सांगितलें, जेलरला पगार द्या आणि फी बंद करा. त्यांनीं विचारलें, असें दुसरीकडे कोठें चालतें तें दाखवा. तो शेजारच्या परगण्यांतून हिंडला. असा दाखला कोठेंच मिळाला नाहीं; सगळीकडे हाच अन्याय मिळाला. मग त्यानें तोच लिहून आणला. १७७४ सालच्या मार्च महिन्यांत त्यानें कॉमन्स सभेपुढें साक्ष दिली, सभेनें त्याचे आभार मानले, आणि त्याच वर्षीं दोन कायदे झाले. एकानें निर्दोष सुटलेल्यांकडून फी घेणें बंद केलें. दुसऱ्यानें तुरुंगांतली स्वच्छता व आजाऱ्यांची व्यवस्था ह्यांविषयीं नियम घातले. कायदा झाला तरी तो जेलरला कळला नाहीं असें होऊं नये, म्हणून हॉवर्डनें तो पदरच्या पैशानें छापून जेलरांकडे धाडला.

कर्जापायीं तुरुंग ही गोष्ट आपल्या मुलखाला परकी नाहीं. १८७५ सालीं पुणें व नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनीं सावकारांचे खत-दस्तऐवज जाळले. सरकारनें चौकशी केली, आणि १८७९ च्या दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या कायद्यानें पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर ह्या चार जिल्ह्यांत पैशाच्या हुकूमनाम्यापायीं शेतकऱ्याला कैदेंत टाकणें बंद झालें. विलायतेंत तें काम बऱ्याच अंशीं १८६९ च्या कायद्यानें झालें होतें. तेथें काय आणि येथें काय, साक्ष पुढें आली तेव्हांच कायदा हलला.

१८१८ सालीं कॉमन्स सभेच्या कमिटीपुढें एलिझाबेथ फ्राय नांवाची बाई साक्षीला उभी राहिली. न्यूगेट तुरुंगांत बायका व त्यांचीं मुलें कशीं राहतात हें ती स्वतः जाऊन पाहत असे. बायकांना मतही नव्हतें अशा काळीं एका बाईचे शब्द पार्लमेंटच्या दप्तरांत लिहिले गेले. आमच्या भगिनींनीं ही गोष्ट विशेष लक्षांत ठेवावी. कमिटीपुढें बोलण्यास पदवी लागत नाहीं. डोळ्यांनीं पाहिलेलें सत्य लागतें.

पुढें १८३५ सालीं सरकारी तपासनीस नेमले गेले आणि १८७७ च्या कायद्यानें गांवोगांवचे तुरुंग एका मध्यवर्ती सत्तेखालीं आले. म्हणजे वतन संपलें, खातें आलें. खातें आलें म्हणून देखरेखीची गरज संपत नाहीं. वतनदार पैशासाठीं छळत होता; खातें पुष्कळदां केवळ बेफिकिरीनें छळतें.

हल्लींची रीत अशी आहे. १९७९ सालापासून कॉमन्स सभेंत प्रत्येक खात्यावर नजर ठेवणारी एकेक कायम कमिटी असते. तुरुंग ज्या न्यायखात्याकडे आहेत त्या खात्यावरील कमिटी २००७ सालापासून काम करते. तिचे सभासद सर्व पक्षांतून घेतात. २०१० सालापासून अशा कमिट्यांचे अध्यक्ष सगळ्या सभेच्या गुप्त मतदानानें निवडले जातात. दिवाणाच्या मर्जीनें नव्हे. माणसें बोलावणें व कागद मागवणें हा कमिटीचा अधिकार. ती दिवाणाला बोलावते, तुरुंगखात्याच्या मुख्याला बोलावते, आणि पहारेकऱ्यांचे संघ, सुटून आलेले कैदी व कैद्यांचे नातेवाईक ह्यांच्याकडूनही साक्ष घेते. साक्षी उघड होतात व छापल्या जातात. रिपोर्ट निघाला कीं सरकारनें सुमारें दोन महिन्यांत लेखी उत्तर द्यावें अशी रूढी आहे. शिफारस मान्य असेल तर तसें, अमान्य असेल तर कारण.

कमिटीचा दुसरा आधार म्हणजे मुख्य तुरुंग-तपासनीस. तो वर्दी न देतां तुरुंगांत जाऊं शकतो आणि त्याचा रिपोर्ट लोकांपुढें येतो. त्याच्या नेमणुकीपूर्वीं उमेदवाराला ही कमिटी प्रश्न विचारते. शिवाय प्रत्येक तुरुंगाला गांवच्या बिनपगारी नागरिकांचें एक देखरेख मंडळ असतें. अशा रीतीनें नागरिक रोजचें पाहतात, तपासनीस खोलांत जातो, आणि त्या सगळ्यांच्या जोरावर कमिटी दिवाणाला जाब विचारते. तीन दोर एकत्र वळले म्हणजेच नाडा मजबूत होतो.

हें सर्व ऐकून कोणी म्हणेल, तर मग विलायतेंत तुरुंग स्वर्ग झाले असतील! नाहीं, बंधूंनो. दोन उदाहरणें सांगतों.

पहिलें. २००३ च्या कायद्यानें तेथें एक बेमुदत कैद आली आणि २००५ पासून ती चालू झाली. न्यायाधीश अमुक वर्षें किमान भोगावीत असें सांगे. पण तीं भोगून झाल्यावर आपण आतां धोकादायक नाहीं हें कैद्यानें मंडळाला पटवून द्यावें, तोंवर सुटका नाहीं. दोन-चार वर्षें सांगितलेलीं माणसें दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षें आंत राहिलीं. २०१२ सालीं ही शिक्षा वाईट म्हणून रद्द झाली. पण ज्यांना ती आधींच झाली होती त्यांची तशीच राहिली! न्यायखात्याच्या कमिटीनें ह्याची चौकशी करून सप्टेंबर २०२२ मध्यें रिपोर्ट दिला. त्या वेळीं असे सुमारें २,९०० कैदी आंत होते आणि त्यांतले निम्म्याच्या आसपास एकदांही सुटलेले नव्हते. ह्या सर्वांना नव्यानें, मुदतीची शिक्षा सांगावी, अशी कमिटीनें शिफारस केली. कमिटीचे अध्यक्ष सर बॉब नील हे सत्ताधारी पक्षाचेच होते, तरी त्यांनीं आपल्याच सरकारला दोष दिला. सरकारनें फेब्रुवारी २०२३ मध्यें ती मुख्य शिफारस नाकारली. पण गोष्ट तेथें संपली नाहीं. २०२४ च्या कायद्यानें सुटलेल्यांच्या मागचा पहारा दहा वर्षांनंतरच नव्हे, तर तीन वर्षांनंतर उठवतां येईल असें झालें. मागितली भाकरी, मिळाला कोर. पण कमिटी नसती तर कोरही मिळाला नसता.

दुसरें उदाहरण पैशाचें. सार्वजनिक हिशेब कमिटी म्हणून दुसरी एक कमिटी आहे. तिचा अध्यक्ष रूढीनें विरोधी पक्षाचा असतो. सरकारनें २०२१ सालीं वचन दिलें कीं, दशकाच्या मध्यापर्यंत तुरुंगांत २०,००० नव्या जागा करूं. हिशेबतपासनीसांनीं मोजल्या तेव्हां सप्टेंबर २०२४ पर्यंत ६,५१८ जागा झालेल्या निघाल्या, आणि काम २०३१ च्या सुमारास पुरें होईल असा अंदाज निघाला. त्याच सप्टेंबरांत गर्दी इतकी वाढली कीं, पुष्कळ कैद्यांना शिक्षेचे शेंकडा चाळीस भाग भरतांच सोडावें लागलें. कमिटीनें दिवाणाचें वचन आणि प्रत्यक्ष झालेलें काम हीं दोन्ही शेजारीं मांडून दाखवलीं.

म्हणून कमिटीची ताकद आणि मर्यादा दोन्ही नीट समजून घ्या. ती कैद्याला सोडूं शकत नाहीं, जेलरला शिक्षा करूं शकत नाहीं, सरकारला हुकूम देऊं शकत नाहीं. ती फक्त उजेड पाडते. परंतु अंधारांत जें करण्याची हिंमत होते, तें उजेडांत करण्यास माणूस कचरतो. हीच तिची सत्ता.

आतां आपल्या घराकडे वळूं. आपल्या राज्यघटनेंत तुरुंग हा विषय प्रांतांकडे, म्हणजे राज्यांकडे आहे. महाराष्ट्रांतल्या तुरुंगांविषयीं पहिला जाब विचारावयाचा तो मुंबई-नागपूरच्या विधिमंडळांत. तरीही दिल्लीच्या पार्लमेंटची गृहखात्यावरची कायम कमिटी हा विषय हातीं घेऊं शकते. ह्या कमिटींत एकतीस सभासद असतात. एकवीस लोकसभेचे, दहा राज्यसभेचे. तिनें सप्टेंबर २०२३ मध्यें तुरुंगांची स्थिति व सुधारणा ह्यांवर आपला २४५ वा रिपोर्ट दिला. गर्दी, कच्चे कैदी, आईबरोबर तुरुंगांत वाढणारीं मुलें, जामिनाच्या पैशाअभावीं अडकून पडलेले गरीब, हे विषय तिनें घेतले. मुलांना बारा वर्षांपर्यंत आईजवळ राहूं द्यावें, असेंही तिनें सुचविलें. हा रिपोर्ट किती आमदारांनीं वाचला आहे? पुढच्या वेळीं मत मागावयास ते आले म्हणजे तुम्हीच विचारा.

आणि आतां जी गोष्ट सांगतों ती ऐकून तुमचें रक्त तापेल. पुष्कळ राज्यांच्या तुरुंगांच्या नियमपुस्तकांत स्वातंत्र्यानंतर पंचाहत्तर वर्षें उलटलीं तरी जात लिहिलेली होती. स्वयंपाक उच्च जातीच्या कैद्यानें करावा. झाडलोट व मैला काढण्याचें काम जे बाहेर तें करीत आले त्यांच्याकडे द्यावें. आणि १८७१ च्या कायद्यानें जन्मजात गुन्हेगार ठरवलेल्या जमातींकडे संशयानेंच पाहावें. तो कायदा १९५२ सालीं गेला, जमाती विमुक्त झाल्या, पण पुस्तकांतली अक्षरें विमुक्त झालीं नाहींत! म्हणजे मनूनें जी वांटणी गांवांत केली, तीच जेलरनें बराकींत केली. गुन्ह्याची शिक्षा न्यायाधीश देई. जातीची शिक्षा नियमपुस्तक देई.

ह्यावर सुकन्या शांता ह्या पत्रकार बाईंनीं तुरुंगांतल्या माणसांच्या साक्षी गोळा केल्या, लेख लिहिले, आणि सर्वोच्च न्यायालयांत अर्ज केला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं न्यायालयानें हे नियम घटनेविरुद्ध ठरवून रद्द केले, कैद्यांच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढावयास सांगितलें, आणि तीन महिन्यांत पुस्तकें सुधारण्याचा हुकूम राज्यांना दिला. निकाल उत्तम झाला. पण हॉवर्डची गोष्ट आठवा. कायदा झाला आणि जेलरला कळला नाहीं, तर तो झाला काय आणि न झाला काय! पुस्तकांतली ओळ खोडली तरी बराकींत झाडू कोणाच्या हातांत आहे, हें प्रत्यक्ष जाऊन पाहावयास हवें. न्यायालय रोज जाऊन पाहूं शकत नाहीं. तें काम लोकप्रतिनिधींच्या कमिटीचें, आणि तुरुंगावर नेमलेल्या बिनसरकारी पाहणाऱ्यांचें.

म्हणून आमचें सांगणें थोडें आहे आणि करण्याजोगें आहे. आपल्या आमदाराला चार प्रश्न लेखी विचारा. आपल्या जिल्ह्याच्या तुरुंगांत किती जणांची जागा आहे आणि किती आहेत? त्यांत कच्चे कैदी किती, आणि जामीन मंजूर होऊनही पैशाअभावीं अडकलेले किती? बिनसरकारी पाहणारे नेमले आहेत काय, आणि ते शेवटीं केव्हां आंत गेले होते? स्वयंपाक व झाडलोट कोणाला व कोणत्या आधारें वांटून दिली आहे? उत्तर आलें तर तें गांवच्या चावडीवर वाचा. नाहीं आलें, तर तेंही वाचून दाखवा.

दुसरें. आपल्या ओळखीचा कोणी आंत अडकला असेल तर हतबल होऊन बसूं नका, आणि दलालाच्या हातीं बैल विकून आलेला पैसा देऊं नका. जिल्हा न्यायालयांत विधि सेवा प्राधिकरणाची कचेरी असते. तेथें कैद्याला फुकट वकील मिळतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या फौजदारी कार्यपद्धतीच्या नव्या कायद्यांत असें आहे कीं, ज्याला पूर्वीं कधीं शिक्षा झालेली नाहीं असा कच्चा कैदी आरोपाच्या जास्तींत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आंत राहिला, तर त्याला सोडावें. फांशी किंवा जन्मठेपेचे आरोप, व एकाहून अधिक खटले चालू असलेले कैदी ह्यांत येत नाहींत. आणि जामिनाची रक्कम भरण्यास असमर्थ गरिबांसाठीं केंद्र सरकारनें २०२३ सालीं योजना काढली. त्या वेळीं ठरलेल्या नियमांत कच्च्या कैद्यासाठीं ४०,००० रुपयांपर्यंत मदत धरली होती. हे हक्क आहेत, दान नव्हे. पण मागितल्याशिवाय ते दारीं चालत येत नाहींत.

तिसरें. जो आंत राहून आला आहे त्याला गांवानें तोंड लपवावयास लावूं नये. त्याच्याजवळ बसावें, त्यानें काय पाहिलें तें लिहून घ्यावें. तारीख, बराक, अन्न, काम, मार, औषध, सगळें जसेंच्या तसें; पदरचें कांहीं घालूं नये. कमिटीला लागते ती हीच सामग्री. आरडाओरड्यानें दिवाण हलत नाहीं. खऱ्या साक्षीपुढें त्याला उत्तर द्यावेंच लागतें.

कॅसलला मित्र सभासद होता, म्हणून त्याचें मरण सभेपर्यंत पोंचलें. मार्शलसींत जे शेंकडों उपाशीं मेले, त्यांचीं नांवें कोणाला ठाऊक नाहींत. आमच्या घरचा माणूस आंत असेल तर त्याचा मित्र सभेंत असावयास नको. ज्याला आपण मत दिलें तो प्रत्येक सभासदच त्याचा मित्र असला पाहिजे. तो तसा नसेल, तर तसा करून घेणें आपल्या हातीं आहे.